सोलापुरात राहून मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनाला सरकारी निधी मिळतो का? अर्ज कुठे करायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवता, पक्षाघातानंतर माणसाची स्मरणशक्ती आणि भाषा कशी बदलते यावर काम करायचंय, पण लॅब नाही, एमआरआय हाताशी नाही. तेव्हा सरकार सोलापूरला पैसा देईल का, की पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली जावं? मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं याच गावात पक्षाघाताचे पेशंट बघते आहे. पुण्याला जाऊ नका. तुमच्या विषयाला जी माणसं लागतात ती इथं आहेत.

आधी निधीचं सांगते. पहिलं दार आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं. बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांसाठी त्यांचं जे ‘लहान’ अनुदान आहे ते दोन कोटींपर्यंत जातं. तुम्ही म्हणताय तसल्या कामाला त्याचा छोटासा हिस्साही पुरतो. अर्ज त्यांच्या ईपीएमएस पोर्टलवर, कॉल म्हणजे प्रस्ताव मागवणारी जाहिरात निघाली की. दुसरं दार डीएसटीच्या, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, कॉग्निटिव्ह सायन्स रिसर्च इनिशिएटिव्हचं. ही योजना २००८ पासून आहे आणि तुमच्यासाठी मला तीच जास्त जवळची वाटते, कारण मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञानाचा माणूस डॉक्टर नाही म्हणून तिथं उपरा ठरत नाही. डीबीटीही (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) न्यूरोसायन्सला पैसा देते, पण त्यांचा ओढा पेशी आणि रेणूंकडे, म्हणजे प्रयोगशाळेकडे, असं माझं मत आहे. संशोधनाला अनुदान देणारं पूर्वीचं मंडळ एसईआरबी आता एएनआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, गेलंय. २०२३ च्या कायद्याच्या वेळी पाच वर्षांत ५०,००० कोटी असा आकडा सांगितला होता, त्यात सरकारचे १४,००० कोटी आणि बाकीचे उद्योगांकडून, देणग्यांतून यायचे. नोकरीत खंड पडलेली एखादी सहकारी असेल तर तिला डीएसटीची वाइज-किरण आणि डीएचआरची (केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाची) महिला शास्त्रज्ञांची योजना दाखवा. एमबीबीएसचा एखादा हुशार विद्यार्थी भेटला तर आयसीएमआरची एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची संशोधन योजना आहे, १९७९ पासून चालू आहे, दोन महिन्यांचं काम असतं.

एवढं कुठल्याही पोर्टलवर मिळतं. अडतं ते पुढे, बजेटच्या पानावर.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेतल्या डॉक्टरांबरोबर सह-संशोधक म्हणून प्रस्ताव लिहिला. विषय असा: आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि शाळेत, बाजारात, ऑफिसात मराठी अशी दोन भाषांत वाढलेली माणसं आहेत. पक्षाघातानंतर वाचा गेली तर आधी कोणती भाषा परत येते? हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की लहानपणी पहिल्यांदा शिकलेली भाषा टिकते. पित्रेस या फ्रेंच डॉक्टरने १८९५ मध्ये पेशंट बघून लिहिलं की आजाराआधी जी जास्त वापरात होती ती आधी येते. बऱ्याच जणांत दोन्ही भाषा बरोबरीनं सुधारतात, काहींत एक मागे राहते, आणि ती का मागे राहते हे आजही नीट सुटलेलं नाही. साखर पेठेत किंवा अशोक चौकाच्या आसपास एक गल्ली फिरलात तर या प्रश्नाला लागणारे लोक भेटतात. युरोपातला संशोधक यासाठी जाहिरात देऊन माणसं शोधतो.

बजेटमध्ये मुख्य खर्च होता घरोघर जाणाऱ्या मुलींच्या पगाराचा. तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या, त्याच भागातल्या, बारावी-बी.ए. झालेल्या मुली. संस्थेच्या संशोधन समितीवरच्या ज्येष्ठ सरांनी तो रकाना लाल पेनानं खोडला आणि शेजारी लिहिलं ‘ईईजी मशीन’, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र. मला म्हणाले, “मॅडम, पोरींना घरोघर फिरवणं ही समाजसेवा झाली. रिसर्चला इन्स्ट्रुमेंट लागतं.” मी लेखी विरोध नोंदवला. पण प्रमुख संशोधकाची सही आणि संस्थेचा शिक्का त्यांच्याकडे होता, त्यामुळे प्रस्ताव मशीनसह गेला. परत आला तेव्हा तज्ज्ञांचा पहिलाच शेरा होता की भाषेच्या या प्रश्नाचं उत्तर ईईजीतून कसं मिळणार ते प्रस्तावात कुठेच दिसत नाही. सरांनी निष्कर्ष काढला, “सोलापूरला कोण पैसा देतंय!”

ही गोष्ट मला आजही लागते. ईईजी मशीन वाईट नाही, एपिलेप्सीवर काम करणाऱ्याला ते हवंच. पण आपल्याकडे मशीन मागण्याची खरी कारणं वेगळी असतात. मशीन संस्थेच्या नावावर चढतं, दोन वर्षांनी तपासणी आली की दाखवता येतं, उद्घाटनाचा फोटो निघतो. मुलीचा पगार महिन्याला खर्ची पडतो आणि स्टॉक रजिस्टरला त्याची नोंद होत नाही.

मग मी एका मुलीला माझ्याच प्रॅक्टिसमधून थोडे पैसे देऊन कामाला लावलं. तिची आई विड्या वळायची, वडील टॉवेलच्या कारखान्यात. माझ्याकडे एका माग-कामगाराची फाइल होती, पन्नाशीचा माणूस, उजवी बाजू गेलेली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: ‘बोलत नाही, सूचना पाळत नाही’. मी त्याला क्लिनिकमध्ये मराठीत तपासलं, तेव्हा माझ्यासमोरही तो गप्पच. ती मुलगी त्याच्या घरी गेली. समोरच्या खोलीत मुलाचे दोन माग चालू, मागच्या खोलीत खाटेवर हा. तिनं चित्रांची कार्डं दाखवली, तो बघेना. मग तिनं मागावरून एक धोटा, म्हणजे विणताना आडवा धागा नेतो तो, उचलला, त्याच्या डाव्या हातात दिला आणि तेलुगूत विचारलं, हे काय? त्यानं नाव सांगितलं. सुताची कांडी दिली, तिचंही सांगितलं. “डोळे मिटा” म्हटल्यावर डोळे मिटले. हेच मराठीत विचारलं की तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याची बायको म्हणाली, “आमच्याशी बोलतात की. दवाखान्यात मराठीत विचारतात, तिथं गप्प बसतात.”

हा माणूस कागदावर ‘सूचना पाळत नाही’ होता. त्याची थेरपी त्या शेऱ्यावर बंद झाली होती. तेलुगूतून सुरू केली तेव्हा दिवाळीपर्यंत तो चहा मागायला लागला, आणि मराठीतली काही वाक्यंही मागून आली. आता मला सांगा, यात कुठलं मशीन कमी पडलं होतं?

पुढे दुसऱ्या एका संस्थेतून तोच प्रस्ताव पाठवला. या वेळी पगाराचा रकाना तसाच ठेवला, आणि त्याखाली अर्धं पान समर्थन लिहिलं की दोन भाषांत चाचणी घेणारी व्यक्ती हेच इथलं उपकरण आहे. एका केंद्रीय योजनेतून मंजूर झाला. रक्कम मोठी नव्हती, पण मुलींचे पगार निघाले.

तुमच्या विषयाला तर हे आणखीच लागू आहे. स्मृती तपासायची म्हणजे चाचण्या लागणार. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) ओळखण्यासाठी आयसीएमआरनं जो न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स, म्हणजे अशा चाचण्यांचा संच, बनवून घेतला, त्याच्या सुरुवातीच्या पाच भारतीय भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नव्हती. पण तेलुगू आणि कन्नड या दोन्ही आपल्या गावच्या भाषा आहेत. सोलापुरात बसलेल्या माणसाला त्यातल्या दोन चाचण्या तयार मिळतात, तिसरी मराठीसाठी प्रमाणित करण्याचं काम समोर पडलेलं असतं, आणि अक्कलकोटकडची कन्नड घरं तासाभराच्या अंतरावर. हा प्रस्ताव पुण्यातला माणूस लिहील का?

हैदराबादमध्ये न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. २०१३ मध्ये त्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ पेशंटांच्या नोंदी तपासून दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा दिसतो, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही तो फरक राहतो. २०१६ मध्ये पक्षाघाताच्या ६०८ पेशंटांवर काम केलं. एकभाषिकांपैकी १९.६ टक्के जणांची बुद्धी पुढे शाबूत राहिली, द्विभाषिकांत ४०.५ टक्के. हे जगभर उद्धृत होतं, आणि त्याच्या मुळाशी काय आहे तर दवाखान्यात नीट ठेवलेली नोंद. पेशंट घरी कोणती भाषा बोलतो हे कुणीतरी विचारून लिहिलेलं होतं. आपल्याकडच्या केस पेपरवर तो रकाना आहे का, बघा.

ज्यांना वाटतं की घरोघर फिरणं म्हणजे संशोधन नाही, त्यांनी बार्शीला जाऊन यावं. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली, आयसीएमआरच्या राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाखाली. खेड्यातला माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून नोंद घेणारे गावोगाव गेले. खेड्यातल्या कॅन्सरबद्दल देशाला जे आकडे मिळाले त्यांची सुरुवात तिथून आहे. विषय मेंदूचा नाही, हे मान्य. पण रीत तीच. पक्षाघाताच्या पेशंटची अशीच नोंद कुंभारीच्या विडी घरकुलात का होऊ नये? तिथं एका वसाहतीत हजारो कामगार बायका आहेत, दिवसभर बसून काम, बीपी कुणी तपासत नाही.

आणखी एक सल आहे, तीही सांगून टाकते. पक्षाघातानंतर घरच्यांनाच व्यायाम शिकवून पेशंट सुधारतो का, हे बघणारी अटेंड नावाची मोठी चाचणी भारतातल्या १४ रुग्णालयांत झाली, १,२५० पेशंट. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला: नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पेशंट आपले, घरचे आपले, पैसा ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा. मला ऑस्ट्रेलियाबद्दल कृतज्ञता आहे. पण आपल्या सुनांनी-मुलांनी केलेल्या सेवेचा उपयोग होतो का, हा प्रश्न आपल्या सरकारनं आपल्या पैशानं विचारायला हवा होता. पुढे आयसीएमआरच्या पैशातून स्प्रिंट इंडिया ही चाचणी झाली, ३१ केंद्रं, १२ भाषा, पेशंटांना व्हिडिओ, मेसेज आणि पुस्तिका. तीही फायदा दाखवू शकली नाही. “बघा, पैसा वाया” म्हणणारे मला भेटतात. अजिबात वाया गेला नाही. पुस्तिका वाटून भागत नाही, हे आता पुराव्यानिशी कळलंय. मग काय चालेल हे शोधायला तुमच्यासारखी माणसं हवीत, आणि ते काम कॉन्फरन्स हॉलमध्ये बसून होणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. एथिक्स कमिटी डीएचआरकडे नोंदलेली हवी, आणि तिची बैठक कधी आहे ते प्रस्ताव लिहायच्या आधी विचारा, कारण इथं बैठक पुढे ढकलली की कॉलची तारीख निघून जाते. उपचाराची चाचणी घेणार असाल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं, त्यात वेळ जातो. पैसा पीएफएमएस या सरकारी पेमेंट प्रणालीतून येतो. वर्षाअखेर जीएफआर १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी) गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की पहिल्यांदा पगार थांबतात ते त्या मुलींचे. म्हणून अकाउंट्समधल्या क्लार्कशी पहिल्या दिवसापासून जमवून घ्या. त्यांना चहा पाजा, प्रकल्प काय आहे ते समजावून सांगा. आमच्या क्लार्क भाऊंच्या आईला पक्षाघात झालेला होता. त्यांनी एकही यूसी उशिरा जाऊ दिली नाही.

बजेट लिहिताना कुणी ज्येष्ठ ‘एखादं इन्स्ट्रुमेंट टाका, वजन येतं’ म्हणाले तर त्यांना विचारा की ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार. उत्तर मिळालं तर जरूर टाका. नाहीतर तो पैसा माणसांवर लावा, आणि तसं का लावला ते पानभर लिहा. तज्ज्ञ ते वाचतात.

मी वर जे म्हटलं त्याला मर्यादा आहेत. मेंदूत नेमकी इजा कुठे झाली हे कळल्याशिवाय भाषेवरचे निष्कर्ष अर्धवट राहतात. त्यामुळे पेशंटचा जुना सीटी किंवा एमआरआय रिपोर्ट मिळवाच, आणि एखादा न्यूरॉलॉजिस्ट सह-संशोधक घ्या. योजनांच्या रकमा आणि अटी बदलत असतात, तेव्हा चालू कॉलचा कागदच प्रमाण माना. तुमची नोकरी नियमित आहे की तासिका तत्त्वावर, यावरही बरंच ठरतं. प्रमुख संशोधक म्हणून बहुतेक ठिकाणी नियमित नोकरी मागतात. कॉलेज खासगी असेल तर संस्थेला डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता आहे का ते आधी ऑफिसात विचारा. नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला किंवा विद्यापीठातला कुणी प्रमुख संशोधक आणि तुम्ही सह-संशोधक, असा प्रस्ताव करा. पण मग पगाराच्या रकान्याबद्दल त्यांच्याशी अर्ज भरायच्या आधी बोलून घ्या, लेखी.