फिरकी, बाळ आणि जिममधली सुई

उत्तरायण होऊन आठवडा झाला, तरी बडोद्याच्या मांडवीतल्या तारांवर पतंग लटकलेलेच आहेत. तेव्हा पतंगाचं पत्र आधी.

प्रश्न : नात सहा वर्षांची. भाऊ पतंग उडवतो, ही फिरकी धरायची सोडून दोरच ओढून घेते. बाहुल्या कोपऱ्यात, दिवसभर ट्रक आणि ठोकळे. शेजारीण म्हणते, हार्मोन तपासून घ्या. घ्यावेत का?
— एक आजी, दांडिया बाजार

उत्तर : नको, आजी. शेजारणीला सेव-उसळ खाऊ घाला आणि विषय बदला. पण तिनं नकळत हात घातलाय तो खऱ्या संशोधनाला. १९५९ मध्ये अमेरिकेत गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं, तर त्यांच्या माद्या पिल्लांचं मोठेपणीचं लैंगिक वर्तन नरांकडे झुकलेलं निघालं. गर्भातलं हार्मोन मेंदूची घडण बदलतं, हा विचार तिथून रुजला.

माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, पण निसर्ग कधी कधी करून ठेवतो. 'सीएएच' या जन्मजात विकारात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी गर्भातच पुरुषी हार्मोन जास्त बनवतात. साधारण १५,००० जन्मांत असं एखादं बाळ. केंब्रिजच्या मेलिसा हाइन्स आणि इतरांना दिसलं की, अशा मुली सरासरीनं गाड्या-ठोकळ्यांकडे जास्त वळतात. आईवडिलांनीच तसं वळण लावलं असेल? या मुलींना तर घरी मुलींच्या खेळण्यांशी खेळल्यावर जास्तच शाबासकी मिळत होती.

हे उलटं मात्र वाचू नका. ट्रक खेळणाऱ्या मुली गल्लोगल्ली आहेत, हा विकार क्वचित; आणि मुलींमध्ये त्याचं तीव्र रूप बहुतेकदा जन्मतःच डॉक्टरांच्या लक्षात येतं, खेळण्यांवरून नाही. फिरकीचं म्हणाल तर ती मुलींनीच धरावी, असं कुठल्याही ग्रंथीनं सांगितलेलं नाही. आमच्या गच्चीवर माझ्याही हातात फिरकीच असायची, म्हणून मला आजही पेच लढवता येत नाही. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत मुलगे सरासरीनं पुढे असतात, हे खरं. पण सरावानं दोघांचेही गुण वाढतात. पुढच्या वर्षी फिरकी भावाकडे द्या.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं. हे रात्री उठून त्याला खांद्यावर घेऊन फिरतात, पूर्वीसारखे चिडतही नाहीत. सासूबाई म्हणतात, मुलगा बायकी झाला. बाप झाल्यावर पुरुषाचे हार्मोन बदलतात का?
— मांजलपूर

उत्तर : बदलतात. फिलिपिन्समधल्या सेबूत ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी ६२४ तरुणांची लाळ तपासली, साडेचार वर्षांनी पुन्हा तपासली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. मधल्या काळात संसार थाटून बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी २६ आणि संध्याकाळी ३४ टक्क्यांनी उतरलं होतं. मुलांचं रोज तीन तास किंवा जास्त करणाऱ्यांत ते आणखी कमी. आपण समजतो हार्मोन माणसाला नाचवतं. इथं बाळानंच हार्मोनला खाली बसवलं.

आता सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची ओळ : सुरुवातीला ज्यांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, तेच पुढं बाप होण्याची शक्यता अधिक होती. यजमान चिडत नाहीत याचं सगळं श्रेय मात्र हार्मोनला देऊ नका, थोडं त्यांनाही द्या.

प्रश्न : बाईचा मेंदू वेगळा असतो का? थोडक्यात सांगा.
— सयाजीगंज

उत्तर : पुरुषाचा सरासरीनं आकारानं मोठा. पण तेल अवीवच्या डाफ्ना जोएल यांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक मेंदूंची चित्रं पाहिली, तर बहुतेकांत दोन्हीकडचे गुण मिसळलेले होते.

प्रश्न : वय २३. जिममधले दादा टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणतात. त्यानं राग वाढतो का?
— फतेगंज

उत्तर : जिमवाल्यांच्या मोठ्या डोसात काहींचा वाढतो, सगळ्यांचा नाही. पण तू चुकीची भीती धरून बसलायस. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी ग्रंथी वृषणांना निरोप धाडणं थांबवते. मग वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर सावरायला कित्येक महिने लागतात. आखाडेवाल्या प्रोफेसर माणिकरावांच्या गावात अंग कमवायला सुई लागावी, याचं मला वाईट वाटतं, ते वेगळंच. एखादी आधीच टोचून घेतली असशील तर लाजू नकोस. घरी सांगायचं नसेल तर नको सांगू, पण हार्मोनच्या डॉक्टरांना सांग आणि कुपी सोबत ने.