क्रिकेटच्या प्रक्षेपण हक्कांसाठी हजारो कोटी मोजणाऱ्या वाहिन्यांचे पैसे वसूल होतात का?

तुम्ही विचारलंय की २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, तर एवढा पैसा वाहिन्या काढतात कुठून, आणि कधी तोट्यात जातात की नाही. जातात, आणि चांगल्याच जातात. मी मुंबईत एका जाहिरात संस्थेत वाहिन्यांकडून जाहिरातींचा वेळ विकत घ्यायचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे हा व्यवहार गिऱ्हाइकाच्या बाजूने जवळून पाहिला आहे.

हक्कांची रक्कम लिलावाच्या दिवशी ठरते. सामने कसे होतील, कोण जिंकेल, पाऊस पडेल का, हे पुढे कळतं. क्रिकेट मंडळाचे पैसे करारात पक्के असतात, वाहिनीची कमाई मात्र दहा-दहा सेकंदांच्या जाहिरातींच्या जागांमधून (स्पॉट) गोळा व्हायची असते. बराचसा वेळ मोठ्या प्रायोजकांना आधीच विकलेला असतो. थोडा मुद्दाम राखून ठेवतात, भारत उपांत्य फेरीत पोहोचला की चढ्या दराने विकायला. भारत पोहोचलाच नाही तर तो वेळ पडेल त्या भावात काढावा लागतो.

२००७ च्या विश्वचषकात हेच झालं. भारतातले हक्क सोनीकडे होते. १७ मार्चला पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशने आपल्याला हरवलं, २३ मार्चला तिथेच श्रीलंकेने, आणि संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. अंतिम सामना होता २८ एप्रिलला. म्हणजे महिनाभराहून जास्त काळ स्पर्धा दाखवायची, आणि घराघरांत टीव्ही दुसऱ्याच वाहिनीवर. पाकिस्तानचंही तेच: ज्या दिवशी आपण बांगलादेशकडून हरलो त्याच दिवशी त्यांना आयर्लंडने घरी पाठवलं. बार्बाडोसला १५ एप्रिलला भारत-पाकिस्तान सामना होणार असं सगळे धरून चालले होते. त्या दिवशी खेळले बांगलादेश आणि आयर्लंड. अशी वेळ आली की प्रायोजक दर कमी करून मागतात, नाहीतर पुढच्या मालिकेत फुकट वेळ मागतात, आणि वाहिनीला संबंध टिकवण्यासाठी बरंचसं मान्य करावं लागतं.

निंबस या क्रीडा प्रक्षेपण कंपनीचं उदाहरण तर याहून कडक. २००६ मध्ये त्यांनी भारतातल्या सामन्यांचे चार वर्षांचे हक्क ६१.२ कोटी डॉलरना घेतले. पुढे त्यांच्याकडे हक्क कायम राहिले, पण पैसे थकले म्हणून डिसेंबर २०११ मध्ये मंडळाने करारच मोडला.

कसोटीत तर भारत हरण्याचीही गरज नसते. २०२३ मध्ये व्हायकॉम१८ या माध्यम कंपनीने भारतात होणाऱ्या ८८ सामन्यांसाठी ५,९६३ कोटी मोजले, म्हणजे सामन्याला सरासरी ६७ कोटींहून जास्त. २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धची पुण्याची कसोटी तिसऱ्या दिवशी संपली, पाठोपाठ वानखेडेवरचीही तिसऱ्याच दिवशी. प्रत्येकी दोन दिवसांच्या जाहिराती गेल्या. फिरकीला आखाडा खेळपट्टी करून दिली की त्याचं बिल असं येतं, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. या धोक्यावर उपाय म्हणून विश्वचषकाचा आराखडाच बदलत गेला. २०११ ला सात-सात संघांचे दोन गट केले, म्हणजे कितीही वाईट खेळलो तरी भारताचे सहा सामने नक्की. २०१९ ला फक्त दहा संघ आणि सगळे सगळ्यांशी, म्हणजे नऊ सामने नक्की. मर्यादित षटकांच्या आयसीसी स्पर्धांत भारत आणि पाकिस्तान वर्षानुवर्षं एकाच गटात येतात, तेही आपोआप नव्हे. वाहिनीला हमी मिळाली, पण किंमत कोणी मोजली? ज्या आयर्लंडने २००७ ला पाकिस्तानला आणि २०११ ला बंगळुरूत इंग्लंडला हरवलं, तो संघ २०१९ च्या विश्वचषकात नव्हताच. मला याचा मनापासून राग येतो. २००७ ला सोनीचं नुकसान झालं हे खरं, पण १७ मार्चच्या त्या दोन निकालांइतकं जिवंत क्रिकेट विश्वचषकात क्वचितच पाहायला मिळालं आहे.

पुढे काय, हेही तुम्ही विचारलंय. मला किमती इतक्याच चढत राहतील असं वाटत नाही. २०२२ च्या लिलावात टीव्हीचे हक्क स्टारला आणि डिजिटल व्हायकॉम१८ ला गेले, आणि दोन तगडे प्रतिस्पर्धी होते म्हणूनच आकडा तिथवर पोहोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही एकाच कंपनीत विलीन झाल्या. चढाओढ लावणारा तेवढाच मोठा दुसरा भिडू आज समोर दिसत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली. अशाच खेळांची कंपनी असलेल्या ड्रीम ११ ने भारतीय संघाच्या जर्सीच्या प्रायोजकत्वातून लगेच माघार घेतली. षटकांमधल्या वेळेत याच धंद्यातल्या कंपन्यांच्या जाहिराती सतत दिसायच्या, ते गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं.

भारतीय मंडळ हे सोसू शकेल. मला काळजी आहे ती छोट्या मंडळांची. वेस्ट इंडीज किंवा झिम्बाब्वेसाठी भारताचा दौरा म्हणजे पुढच्या काही वर्षांची बेगमी, कारण त्या दौऱ्याच्या हक्कांना भारतातून गिऱ्हाईक मिळतं. तिथला आकडा घसरला तर त्यांच्या देशांतर्गत स्पर्धा आणि खेळाडूंचे करार यांनाच आधी कात्री लागेल.