सोळाजणी शेवटपर्यंत मैदानावर हव्यात

प्रिय प्रशिक्षिके,

अनेक आशीर्वाद.

शाळेने सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ तुझ्यावर सोपवला हे कळलं. ४-४-२ खेळवू की ४-३-३, म्हणजे मागे, मध्ये आणि पुढे किती जणी उभ्या करू, असं तू विचारलंयस. सांगते, पण आधी माणसं मोजू. आपल्याकडे मुलींचे संघ फॉर्मेशनपायी क्वचितच हरतात. सामन्याच्या सकाळी दोघी-तिघी येत नाहीत, आणि कधी त्या जागेवर न खेळलेली मुलगी बॅकला उभी करावी लागते, तिथे सामना जातो. मोसमभर सोळाजणी टिकवणं हे तुझं पहिलं काम. डावपेच त्यानंतर.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमची गॅलरी भरते, पेठापेठांत तालमींचे संघ आहेत, त्यामुळे ऑफसाइड म्हणजे काय हे पालकांना समजावत बसावं लागत नाही. पण त्याच कारणाने संध्याकाळी प्रत्येक मैदान मुलांनी आधीच धरलेलं असतं. मुख्याध्यापकांकडून आठवड्याचे तीन दिवस आणि अर्धं मैदान लेखी घे. तोंडी कबुली पहिल्या क्रिकेट सामन्यापर्यंत टिकते. सराव पाऊण ते सव्वा तास पुरे, आणि तो अंधाराच्या बराच आधी संपला पाहिजे. पालकांच्या पहिल्या बैठकीला आईला मुद्दाम बोलाव. परवानगीवर सही वडिलांची असली, तरी ‘सहा वाजले, पोरगी कुठे आहे?’ हे घरात आईलाच विचारलं जातं. सराव कधी सुटणार आणि कोण कोणाबरोबर घरी जाणार, हे तिला कागदावर दे.

सुरुवात बावीस-तेवीसजणींपासून कर. दहावीचे क्लास, सहामाही, घरातली लग्नं यात पाच-सहा गळणारच. चांगल्या खेळणाऱ्या पण कधीतरी उगवणाऱ्या मुलीला सामन्यात उतरवलंस, की रोज येणाऱ्या चौघींना निरोप पोचतो आणि पुढच्या आठवड्यात त्या येत नाहीत. हजेरीचा नियम पहिल्या दिवशी सांग आणि तुझ्या सर्वांत चांगल्या स्ट्रायकरलाही तो लाव. हे जड जाईल, विशेषतः सामना उद्यावर असताना.

शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. जिथे हरलीस तिथे मोसम संपला. सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा १९६० पासून चालू आहे, त्यात मुलींचा गट २०१२ मध्ये आला. त्याच्या खालच्या फेऱ्याही बादच. म्हणजे तीन महिने सराव करून एकच सामना, असंही होतं. एवढ्यावर कोणी टिकत नाही. म्हणून सामने तूच तयार कर. शेजारच्या दोन शाळा, एखाद्या क्लबच्या मुली, शाळेतली चौदा वर्षांखालची मुलं. मुलांशी खेळताना गोलफलक बघायचा नाही, आपण चेंडू मिळाल्यावर सलग तीन पास किती वेळा दिले ते मोजायचं. स्पर्धेआधी असे सहा तरी सामने झाले पाहिजेत.

कागदपत्रं आताच गोळा कर. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर प्रवेशिका अडकते आणि दुरुस्तीला आठवडे जातात. वयाची अट, सामन्याचा वेळ आणि किती बदली खेळाडू चालतात, हे दरवर्षीच्या परिपत्रकातून वाचून घे. मागच्या वर्षीचं गृहीत धरू नकोस.

याच यादीतली आणखी एक गोष्ट, जी पुरुष प्रशिक्षकांना सुचत नाही. फुटबॉलच्या नियमावलीतल्या नियम ४ प्रमाणे दागिना घालून खेळता येत नाही आणि त्यावर चिकटपट्टी लावलेलीही चालत नाही. कानातलं निघतं. नुकतंच नाक टोचलेली मुलगी चमकी काढायला घाबरते, कारण भोक बुजतं. रेफरी बाहेर काढतो, मुलगी रडते, आई चिडते. तेव्हा जूनमध्येच सांग: नाक टोचायचं असेल तर मोसम संपल्यावर. शॉर्ट्सखाली लेगिंग घालायची असेल तर खुशाल घालू दे, पण तिचा रंग शॉर्ट्सच्या रंगाचा आणि संघात सगळ्यांचा एकच हवा. शॉर्ट्स गडद निवड. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या शॉर्ट्सची धास्ती घेऊन खेळणारी मुलगी स्लाइड करत नाही, आणि का ते तुला सांगतही नाही.

पाण्याचंही तसंच. मैदानावर धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या हाफमध्ये पोटऱ्या आखडतात. ‘पाणी प्या’ म्हणून ओरडण्याआधी कुठे जायचं ते शोधून ठेव. बाहेरच्या मैदानावर पोचलीस की पहिलं काम ते, नाणेफेक नंतर. संघाच्या पिशवीत दोन पॅकेट पॅड, एक जास्तीची शॉर्ट्स आणि कागदी पिशव्या कायम असू देत, कोणाला न विचारता घेता येतील अशा.

दम लवकर लागतो म्हणून एखादीला आळशी ठरवू नकोस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. तुझा संघ त्याला अपवाद नसणार. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी रिकाम्या पोटी मळमळते म्हणून मुली टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यायची आणि पुढे तासभर चहा नाही. सरावाआधी तासभर काहीतरी खाल्लेलं हवं. केळं, शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, काहीही. सकाळी डबा, मग थेट संध्याकाळी मैदान, हे चालायचं नाही.

आता गुडघा. यावर थोडी थांबते, कारण यात तुझी एक चूक एखादीचं वर्ष खाईल. वयात आलेल्या मुलींना गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, एसीएल, तुटण्याचा धोका त्याच वयाच्या मुलांपेक्षा बराच जास्त असतो. बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता वळताना गुडघा आत कलतो आणि काम होतं. यासाठी ‘फिफा ११+’ नावाचा वॉर्म-अप आहे: पंधरा व्यायाम, वीस मिनिटं. आधी आठ मिनिटं हलकं पळणं, मग दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात पळून दिशा बदलणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर याचा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी हा वॉर्म-अप केला तिथे गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. पण तो नेमाने आणि नीट करावा लागतो. तू समोर उभी राहून उतरतानाचा गुडघा बघ. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत असला पाहिजे. आत जात असेल तर उडी कमी उंच मारायला सांग, पण चुकीची मारू देऊ नकोस. उतरल्याचा आवाज मोठा आला, तर ती ताठ पायांवर उतरते आहे असं समज. मैदानाला दोन फेऱ्या आणि हात फिरवणं याला वॉर्म-अप म्हणायची जुनी सवय सोड.

गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला आणि तासाभरात सूज चढली, तर त्या दिवशी परत उतरवायचं नाही, हाडांच्या डॉक्टरकडेच न्यायचं. मालिश करणाऱ्याकडे नाही. डोक्याला मार लागून मुलगी गोंधळली, तिला मळमळलं किंवा आत्ताचा गोल आठवेना, तर ती बाहेर, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय परत नाही. सामना अंतिम असला तरी.

सरावात रांगा लावू नकोस. बारा मुली रांगेत, एक चेंडू, एक शॉट, परत रांगेत शेवटी: अशा अर्ध्या तासात एकीच्या पायाला चेंडू जेमतेम दहा वेळा लागतो. दोघींत एक तरी चेंडू हवा, म्हणजे अकरा-बारा. या वयाला पाच नंबरचा चेंडू. बारा वर्षांखालच्या मुली सोबत येत असतील तर त्यांना चार नंबरचा. वॉर्म-अप झाला की दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक, मग चार विरुद्ध दोन. त्यानंतर चार विरुद्ध चार असा छोटा सामना, पण दोन्ही टोकांना दोन-दोन लहान गोल ठेवून. मुलींचा घोळका चेंडूमागे धावतो ही तुझी तक्रार यातच सुटेल. एका गोलापाशी गर्दी झाली की दुसरा मोकळा दिसतो, आणि मान वर करून बघणारी मुलगी गोल करते. ‘पसरा, पसरा’ असं ओरडून कोणी पसरत नाही.

जुलै-ऑगस्टमधलं आपलं मैदान म्हणजे चिखल. तिथे जमिनीवरचा पास डबक्यात मरतो. सराव रद्द न करता थोडा उचललेला पास आणि पुढे जाऊन चेंडू गाठणं शिकव, कारण सामनाही तिथेच होणार आहे. वीज चमकत असेल तर मात्र सगळ्या आत. स्टडमध्ये माती बसली की बूट घसरतात. ती खरवडायला एक जुना चमचा पिशवीत ठेव. ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबायचं, चुलीपाशी ठेवायचे नाहीत, तळ सुटतो.

गोलकीपर दोघी तयार कर. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पाच फुटांच्या मुलीचा हात वरच्या दांडीपर्यंत पोचत नाही. मुलींच्या सामन्यात कितीतरी गोल वीस मीटरवरून उंच मारलेल्या साध्या चेंडूवर होतात आणि दोष कीपरला मिळतो. दोष असतो, मारणारीला वेळ देणाऱ्या मिडफिल्डरचा. मारणारीसमोर कोणीतरी गेलंच पाहिजे, हे कीपरच्या देखत सगळ्यांना सांग. दुसरा गोल असा जातो: कीपर गोल किक मारते (समोरच्यांकडून चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर गेल्यावरची किक), चेंडू पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलासमोरच्या मोठ्या चौकटीच्या, जेमतेम बाहेर समोरच्या स्ट्रायकरच्या पायात. २०१९ पासून गोल किक आपल्याच खेळाडूला एरियाच्या आत घेता येते. दोन बॅक एरियाच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या कर, कीपरने जवळ पास द्यायचा, बॅकने कडेने पुढे. हे रोज दहा मिनिटं. आणखी एक: २०२५-२६ च्या नियमावलीपासून कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. रेफरी शेवटचे पाच सेकंद बोटांवर मोजतो. तो हात बघायची सवय लाव.

थ्रो-इन, म्हणजे कडेच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं, क्षुल्लक वाटतो, पण मुली घाईत मागचा पाय उचलतात आणि चेंडू समोरच्यांना जातो. दोन्ही पाय टेकलेले, दोन्ही हातांनी, डोक्यामागून. थ्रोवर थेट ऑफसाइड नसतो, म्हणजे समोरच्यांच्या बॅकच्या पलीकडे उभं राहूनही चेंडू घेता येतो, हे आपल्या फॉरवर्डला माहीत असलं की ती बॅकच्या पाठीमागे जाऊन उभी राहील.

फॉर्मेशन ४-४-२ घे. कोण कोणाच्या शेजारी हे लवकर कळतं. सर्वांत वेगवान मुलगी सगळे फॉरवर्डला ठेवतात. मी सेंटर बॅकला ठेवीन, कारण या पातळीवर समोरच्यांचं मुख्य हत्यार म्हणजे मागे टाकलेला लांब चेंडू. सर्वांत कच्ची मुलगी राइट बॅकला लपवलीस तर पाच मिनिटांत समोरच्यांना कळतं. तिला जोडीला सतत बोलणारी मुलगी दे.

सामन्याच्या दिवशी हाफटाइमला आधी पाणी, तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, तूही नाही. मग दोनच सूचना. तिसरी कोणाच्या डोक्यात राहत नाही. एखादीची चूक सगळ्यांसमोर काढू नकोस. पुढच्या हाफमध्ये ती चेंडू मागायचंच बंद करते. बरोबरी झाली तर पेनल्टीसाठी पाचजणी आधीच ठरलेल्या हव्यात, आणि त्यांचा सराव दमल्यावर झालेला हवा. कीपरला सांग, किक होईपर्यंत निदान एक पाय रेषेवर. दोन्ही पाय पुढे आले आणि तिने चेंडू अडवला, तर किक परत घेतली जाते.

तुझ्या आणि त्यांच्या सुरक्षेसाठी: प्रवासात शाळेतली दुसरी बाई बरोबर, कोणत्याही मुलीशी एकटीने फोनवर संदेश नाहीत, जे काय ते पालक असलेल्या ग्रुपवर. तू बाई आहेस म्हणून यात सूट घेऊ नकोस.

स्पर्धेतून बाहेर पडलात की त्या आठवड्याचे तीनही सराव ठरल्या वेळी घे. दहावीच्या मुली आता येणार नाहीत, त्यांच्याकडून जर्सी आणि शिन गार्ड मोजून परत घे. राहिलेल्यांत आठवीतली एखादी शोध जिला चेंडूची भीती वाटत नाही, आणि तिला हातमोजे दे. कीपर घडायला वर्ष लागतं. पुढच्या जूनची मैदानाची चिठ्ठी मुख्याध्यापकांकडे एप्रिलमध्येच टाक, क्रिकेटवाल्यांच्या आधी.

कळावे,
तुझ्या जुन्या बाई