कौलं उतरल्यावर वासे कुजलेले निघाले तर

घाबरू नकोस, पण लगेच नवी कौलंही चढवू नकोस. पाटण-कोयनेकडच्या पावसात जुन्या घरात हे निघतंच. आमचे वासे दिसायला ठणठणीत होते. भिंतीत गेलेल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा दोन इंच आत गेला. म्हणून प्रत्येक वासा टोचून बघ, भिंतीतलं टोक आणि वळचणीची बाजू आधी.

लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकलं असेल तर ती बुरशी, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओल लागते. गळती राहिली तर नवं लाकूडही जाईल, आधी ती शोध.

वरवर तासून रंग मारू नकोस. मिस्त्री म्हणेल, "चालतंय की." नाही चालत! चांगल्या दिसणाऱ्या भागातही फूटभर आत जाऊन काप, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. कापण्याआधी खालून टेकू दे. नवं टोक सिमेंटात गच्च गाडू नकोस, बाजूंनी अर्धा इंच वारा खेळू दे.

जादा लाकडाचा घनफुटाचा दर छप्पर उघडायच्या आधीच ठरव. आणि वळवाचा भरवसा नाही, मोठी ताडपत्री आजच आणून ठेव.