दर्यापूर ते चिखलदरा, तंबू घेऊन : तिघींतली कोणती सायकल?

भाऊ, प्रश्न वाचला. दर्यापूरहून निघायचं, अंजनगाव, परतवाडा करत चिखलदरा, दोन रात्री तंबूत, दिवाळी झाली की. आणि तीन सायकली पाहून ठेवल्या आहेस, एक पुढं-मागं डबल शॉकरवाली चकाचक, एक पातळ टायरची हायब्रीड, एक मावसभावाची जुनी लोखंडी एमटीबी, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, जी त्याच्या अंगणात धूळ खाऊन राह्यली आहे. माझं उत्तर मावसभावाची. पण काहून ते सांगतो, कारण तिच्यातही दोन-तीन गोष्टी बदलाव्या लागतील, तशीच घेऊन निघालास तर घाटात मला शिव्या देशील.

लोक सायकल घेताना आधी रंग पाहतात, मग शॉकर. मी खाली बसून चेन जिच्यावर फिरते त्या पुढच्या-मागच्या चकत्यांचे दात मोजतो. दुकानदार हसते, हसू दे. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे आणि परतवाडा पार खाली, म्हणजे ७०० मीटरच्या वर चढ, तोही सगळा शेवटच्या टप्प्यात, जेव्हा पाय आधीच संपलेले असतात. आमच्या घरी बाबांची काळी सायकल आहे, पुढं ४४ दात, मागं १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळपास ५.४ मीटर जाते. सपाटीवर मस्त, घाटात ओझं घेऊन गुडघ्याचा भुगा. गिअरवालीत पुढचं सगळ्यात लहान २४ चं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ चं असलं तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, मागं ३४ चं टाकलं तर दीड मीटरच्याही आत. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पाच किलोमीटर, म्हणजे पायी चालणाऱ्याइतकंच, पण सीटवर बसून. तेच ६० फेरे बाबांच्या सायकलीवर मारायचे तर घाट ताशी १९ नं चढावा लागेल, ते कोणाच्या बापाला जमत नाही, माझ्याही नाही.

मावसभावाच्या सायकलीला मागं बहुतेक २८ चंच असेल. मिस्तरीकडून १४-३४ चं सात गिअरवालं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, बसवून घे, सोबत चेन नवी. फक्त मागचं डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवते ते, ३४ दात झेलते का ते आधी विचार, नाहीतर त्याचं वरचं लहान चाक दातांना घासत राहते आणि नेमका जो गिअर पाहिजे तोच लागत नाही.

आता डबल शॉकर. ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून सांगून राहिलो. पहिल्या ट्रिपला मित्राची मागून आणली होती, दिसायला अशी की गावातले पोट्टे हात लावून पाहायचे. पण मागं शॉकर असला की साधं कॅरिअर बसतच नाही, म्हणून सीटच्या दांडीला आवळायचं कॅरिअर घेतलं आणि त्यावर तंबू, चादर, भांडी मिळून बारा किलो लादलं. मोर्शीच्या पुढं गेलो नाही तोच ते कॅरिअर एका बाजूला फिरायला लागलं, दर दोन किलोमीटरला उतरा, सरळ करा, पाना फिरवा. त्यात आदल्या रात्री अवकाळी आलेला, आणि मी हुशारी करून पांदणीतून शॉर्टकट घेतला. काळी माती तुला सांगायची गरज नाही, तू तर खारपाणपट्ट्यातला. शंभर पावलांत टायर आणि मडगार्डच्या मधात माती अशी ठासून बसली की चाक फिरेचना, ढकलली तर चाक न फिरता घसरत यायची. धुऱ्यावर बसून बाभळीच्या काडीनं माती उकरून काढली, परत शंभर पावलं, परत उकरली. शेवटी मडगार्डच सोडून पिशवीत टाकले. त्या दिवसापासून टायर आणि फ्रेमच्या मधात माझं बोट आरामात जाते का, हे पाहिल्याशिवाय मी सायकलला हो म्हणत नाही.

जुन्या साध्या एमटीबीत ही जागा असते. पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, बिनशॉकरचा कडक असला तर उत्तमच, स्वस्तातला स्प्रिंगवाला शॉकर चढावर उभं राहून पायडल मारलं की नुसता वरखाली होते, आपला जोर तो खाते. फ्रेम लोखंडी आहे ना? मग चिंता नाही, तडा गेला तर कोणत्याही गावातला ट्रॅक्टरवाला वेल्डर टाका मारून देते, ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ कॅरिअरचं बोल्ट लावायचं छिद्र आहे का ते बघ, आणि वर सीटखालीही दोन. ते बोल्ट बारीक असतात, खडबडीत रस्त्यावर ढिले होऊन पडतात, जास्तीचे चार घे आणि थोडी बाइंडिंग तार. माझा एक पडला तेव्हा तारेवर पूर्ण घाट उतरलो होतो.

हायब्रीड वाईट नाही. डांबरीवर ती एमटीबीच्या पुढं पळेल. पण टायर २६ इंची असला तर ट्यूब तालुक्याला कुठंही मिळते, हायब्रीडच्या ७०० मापाची परतवाड्यात मिळेल याची मी हमी घेणार नाही. आणि व्हॉल्व मोटारसायकलसारखीच पाहिजे, म्हणजे पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते. बारीक व्हॉल्व असली तर तिचं ॲडाप्टर आठवणीनं घे.

टायर १.९५ किंवा २.१ इंच रुंद, लय मोठे गुटके नकोत, डांबरीवर ते नुसते घुंऽऽ करतात. काटे मात्र तुला सोडणार नाहीत, बाभूळ, बोर, सराटे, सगळे तुझी वाटच पाहून राह्यले आहेत. दोन ट्यूबा, पॅच, पंप. पंक्चर काढताना काटा टायरमध्येच राहिला आणि दहा मिनिटांत परत हवा गेली असं सगळ्यांचं होते. त्यावर आपल्याकडचाच उपाय आहे, कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून हळू फिरवायचा, जिथं कापसाचे तंतू अडकले तिथं काट्याचं टोक आहे. बोटानं शोधलं तर बोटातच घुसते.

ब्रेकचे रबर नवे टाक, उतरताना लागतील. डिस्क ब्रेक पाहिजेच असं काही नाही, उलट काही डिस्कवाल्या सायकलींना कॅरिअरचा पाय मध्ये येते.

तंबूचं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. चिखलदऱ्याच्या आजूबाजूला मेळघाटचं जंगल, जंगलात तंबू टाकायचा विचारही करू नको, बिबट आणि अस्वल आहे आणि परवानगीही नाही. पहिल्या रात्री एखाद्या गावात शाळेचा नाहीतर मंदिराचा ओटा विचार, नाही कोणी म्हणत नाही. शेतात टाकायचा तर मालकाला विचारूनच, आणि रात्री लघवीलाही धुऱ्याकडं फिरू नको, रानडुकरांसाठी कोणी तार लावून करंट सोडलेला असू शकते. सोयाबीन कापलेलं वावर दिसायला मोकळं असते पण धसकटं सुयांसारखी उभी असतात, तंबूची खालची बाजू आणि टायर दोन्ही जाईल. पाणी तुमच्या पट्ट्यात खारं, म्हणून घरूनच चार-पाच लिटर घे, त्याचंही वजन कॅरिअरवर येणार हे धरून चाल.

पैसे द्यायच्या आधी एक कर. मावसभावाकडून दोन दिवस सायकल घे, दोन्ही बाजूला मिळून बारा-चौदा किलो तूर किंवा गहू बांध, आणि एखाद्या उड्डाणपुलावर दहा वेळा चढउतर कर. हँडल डोलते का, टाच पिशवीला लागते का, सगळ्यात लहान गिअर खरंच लागते का, तिथंच कळते. आणि आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं राहून मधात दोन बोटं जागा राहते का ते बघ, फ्रेमचं माप आणि तुझी उंची कळव, सीट किती वर ठेवायची ते मग सांगतो.