औंदा उचल एकट्याचीच घ्या

पत्र: "ताई, मी माजलगाव तालुक्यातला. दरवर्षी दसरा झाला की आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो. बायको २७ वर्षांची, मुलगी चार वर्षांची. दीड वर्ष बायकोचे सांधे दुखायचे, ताप यायचा, गालावर लाल चट्टे आले, केस गेले. गावात टायफॉइड म्हणून सलाइन लावली, आईनं देवऋषी केला. शेवटी अंबाजोगाईला लुपस निघाला. गोळ्यांनी बरं वाटलं, पण तोंड फुगलं, बाया हसायला लागल्या. तिनं गेल्या हंगामात गोळ्या सोडल्या आणि फडातच पडली. आई म्हणते, हे काम चुकवायचं निमित्त आहे, हिला माहेरी धाड, दुसरी कर, मला नातू पाहिजे. पंधरा दिवसांत टोळीचा मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेऊन येतो. मी काय करू? आमच्या नशिबातच हे होतं का?"

भाऊ,

तुमच्या पत्रात मुकादम आहे, आई आहे, देवऋषीसुद्धा आहे. तुमच्या बायकोचं स्वतःचं म्हणणं काय, ते मात्र कुठंच नाही. आज रात्री लेकरू झोपलं की आधी तिला विचारा. आणि हे उत्तर तिला वाचून दाखवा.

ती निमित्त करत नाही. लुपसमध्ये रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीत गाठतो. थकवा असा की सकाळी चूल पेटवायला हात उचलत नाही. तीच बाई दुपारी चालती-फिरती दिसली की घरच्यांना सोंग वाटतं. माझ्या चुलत बहिणीच्या गालावर असेच चट्टे होते. सोयाबीनची काढणी झाली की ती चार-चार दिवस अंथरूण धरायची. आम्ही "उन्हानं करपली" म्हणालो, पुढं पुढं कामचुकारही म्हणालो. निदान झालं तोवर मूत्रपिंडं बिघडली होती. तो शब्द मला अजून सलतो. म्हणून तुमच्या आईवर मी रागावत नाही, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता नशिबाचं. अमेरिकेत १९९४ साली लुपसच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, लुमिना नावाचा. वर्षानुवर्षं त्यांनी रुग्णांचा माग ठेवला. त्यात दिसलं की रोगाच्या जोराबरोबरच गरिबीचाही मृत्यूशी संबंध आहे. तिकडं ऊसतोड नाही, पण उशिरा कळलेलं निदान, तुटलेली औषधं, दूरचा दवाखाना हे गरिबाच्या वाट्याला तिथंही येतं. तुमच्या घरात बघा ना. सूर्याच्या उन्हानं हा आजार भडकतो, आणि तुमची भाकरी उन्हातच आहे. ती एक दिवस झोपून राहिली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. म्हणून ती तापातही मोळी उचलते. फडावरच्या कोपीपासून, म्हणजे झोपडीपासून, दवाखाना लांब, म्हणून संपलेली गोळी संपलेलीच राहते. यातलं काही सटवाईनं कपाळावर लिहिलेलं नाही. मुकादम काय देतो आणि तुम्ही काय घेता, यावर त्यातलं बरंच ठरतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: औंदा पूर्ण कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची, उचल घेऊ नका. अर्धा कोयता म्हणून एकट्याची घ्या. पैसे कमी येतील, मागची बाकी असली तर मुकादम कटकट करेल, हे मला ठाऊक आहे. पण दोघांची उचल एकदा अंगावर आली की ती फेडायला आजारी बाईला फडात उभं राहावंच लागतं. मग डॉक्टरनं काय सांगितलं याला अर्थ उरत नाही. तुम्ही गेल्यावर सासूच्या टोमण्यांत राहायचं की हंगामापुरतं आईकडं, हे तिला ठरवू द्या. तिनं स्वतः माहेरी जाणं वेगळं आणि तुम्ही तिला धाडून देणं वेगळं. दुसरीचं म्हणाल, तर पहिली बायको असताना दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात १९५५ पासून चालत नाही, तो गुन्हा आहे. आईला हे तुम्हीच सांगायचं. सुनेच्या तोंडून ते त्यांना सहन होणार नाही.

गोळ्यांचं नीट ऐका. तोंड फुगतं ते स्टेरॉइडनं. डोस कमी झाला की बहुतेक वेळा सूज उतरते, पण तो डॉक्टरनंच हळूहळू कमी करायचा. स्वतःच्या मनानं एकदम बंद केलं तर जीवावर बेतू शकतं. नवरात्रात उपास धरला तरी गोळी चुकवायची नाही, आणि रिकाम्या पोटीही घ्यायची नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिली असेल तर ती या आजाराचा मुख्य आधार आहे. बरं वाटलं तरी ती चालू राहते, डोळे मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्यायचे. (२०२० साली कोरोनावर चालते म्हणून लोकांनी हीच गोळी घरात साठवली आणि लुपसच्या बायकांना ती दुकानात मिळेना. मला त्याचा फार राग आला होता.) ती फार महाग नाही, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडते. महात्मा फुले योजना मुख्यतः भरती झाल्यावर कामाला येते, तिच्यावर रोजच्या गोळ्यांसाठी विसंबू नका. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा अंबाजोगाईची फेरी चुकवू नका. लघवीत प्रथिनं जातात का, हे दर वेळी तपासायला सांगा. मूत्रपिंड आतून बिघडतं तेव्हा दुखत नाही. लघवीला फेस, पायावर किंवा सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, धाप लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी फाइल घेऊन सरकारी दवाखाना गाठायचा.

नातवाबद्दल. लुपस असला तरी मूल होऊ शकतं, पण आजार निदान सहा महिने शांत हवा आणि डॉक्टरांना आधी विचारायला हवं. काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात, ती अगोदर बदलावी लागतात. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, हेही आईच्या कानावर घाला.

एक भीती मला वेगळीच वाटते. पाळीत रक्त जास्त जायला लागलं तर कुणीतरी "पिशवी काढून टाका" म्हणेल. आपल्या बीडमध्ये हे किती झालंय ते तुम्हाला सांगायला नको. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. लुपसमध्ये रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या तरीही असं रक्त जातं, आणि त्यावर पिशवी काढणं हा इलाज नव्हे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठंच सही करू नका.

आणि पुढंमागं तिला यावंच लागलं, तर निघण्याआधी हंगामभराच्या गोळ्या डब्यात भरा. ऊसतोडीला बाया नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं बांधतात, तिनं ते एक दिवसही सोडायचं नाही. पहाटेचं काम तिच्याकडं द्या, दुपारचं ऊन तुम्ही घ्या.

मुकादम यायच्या आत एकदा तिला घेऊन अंबाजोगाईला जाऊन या. लघवीच्या तपासणीत काय निघालं, ते मला कळवा. आणि ती काय म्हणाली, तेही.

तुमची,
ताई