शंका-समाधान : खाडीपुलावर थांबलेली गाडी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची होती, म्हणून हे सदर संपूर्णपणे भीती आणि चिंता या विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. मी नेरुळला राहते आणि चेंबूरला नोकरी करते. गेल्या जुलैमध्ये ऐन पावसात आमची गाडी मानखुर्द सोडल्यावर वाशीच्या खाडीपुलावर वीस-पंचवीस मिनिटे थांबली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाएकी माझ्या छातीत धडधड सुरू झाली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटू लागली. नंतर केलेला ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या व्यवस्थित आल्या. डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक असल्याचे सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून मी लोकलमध्ये चढलेली नाही. बसने जाते, त्यात वेळ फार मोडतो. आमच्या गृहप्रार्थनेत एका ज्येष्ठ भगिनीने सांगितले, की देवाने आपल्याला भीतीचा आत्मा दिलेला नाही, तेव्हा ही भीती सैतानाकडून आहे आणि गोळ्या घेणे हा अविश्वास आहे. मी आता गोळ्या पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवते. माझा विश्वास कमी पडतो आहे का? गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : भगिनी, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर अपाय होऊ शकतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. या प्रकारच्या बऱ्याच औषधांचा गुण दिसायला काही आठवडे जावे लागतात, आणि ती एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असा त्रास होऊ शकतो. मग तो त्रास म्हणजे जुनी भीतीच परतली असे वाटून माणूस अधिक खचतो. कमी करायच्या असतील तर ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच, हळूहळू. आणि पिठाच्या डब्यामागून त्या बाहेर काढून जिथे रक्तदाबाची गोळी ठेवली असती तिथे ठेवा.

लपवण्यामागचे कारण मला कळते. कोणाच्या डोक्याची थट्टा करायची झाली, की 'याला ठाण्याला पाठवा' असे सहज म्हटले जाते. १९०१ सालापासून या शहरात असलेल्या मनोरुग्णालयाने किती घरे सावरली असतील याचा विचार ते वाक्य उच्चारताना कोणी करीत नाही. आपण तर ठाणे जिल्ह्यातलेच, त्यामुळे ही थट्टा आपल्या अंगाला जरा जास्तच चिकटते. मंडळीतही, म्हणजे आपल्या चर्चमध्येही, ती शिरलेली आहे, फक्त तिथे तिला शास्त्रवचनाची किनार लावलेली असते.

आता त्या ज्येष्ठ भगिनीने सांगितलेल्या वचनाकडे वळू. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील पहिल्या अध्यायाचे हे सातवे वचन आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, काळजीपूर्वक वाचले, तर तिथे 'भीती' नसून 'भित्रेपणा' असा शब्द आढळतो. भित्रेपणा म्हणजे संकट दिसताच हातातले काम आणि सोबतची माणसे टाकून पळणे. पौल स्वतः बंधनात आहे, त्याची ओळख सांगणेही लाजिरवाणे झाले आहे, आणि अशा वेळी तरुण तीमथ्याने साक्ष देण्यास लाजू नये, एवढ्यासाठी ते वाक्य लिहिलेले आहे. कोंडलेल्या डब्यात बाईच्या छातीत धडधड झाली तर काय म्हणावे, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नाही. शिवाय याच तीमथ्याला पहिल्या पत्रात पौलाने पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असे सांगितले आहे. त्या काळी तो औषध म्हणूनही वापरला जाई. एकाच माणसाला विश्वासात दृढ राहायला सांगणे आणि औषधही सांगणे, यात पौलाला काही विसंगत वाटले नाही. त्या ज्येष्ठ भगिनीविषयी मनात राग धरू नका. त्यांच्या स्वतःच्या भीतीला कोणी कधी गोळी दिली नसेल आणि त्यांनी ते वचनच घट्ट धरून दिवस काढले असतील, हे अगदी संभवते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीस वर्षे आजाऱ्यांच्या उशाशी बसून मी तेविसावे स्तोत्र म्हणत आलो आहे. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या दुखण्यासाठी मला एमआरआयच्या यंत्रात घातले, तेव्हा ते स्तोत्र मला दुसऱ्या ओळीपुढे आठवेना. नाकापासून चार बोटांवर ते पांढरे छत होते. हातात एक रबरी फुगा दिलेला होता, तो मी दोनदा दाबला. तंत्रज्ञ मुलाने मला बाहेर काढले, पाणी दिले आणि म्हणाला, "काका, मी काचेमागेच आहे. दर थोड्या वेळाने आवाज देतो." पुन्हा आत गेलो तेव्हा भीती तसूभरही कमी झालेली नव्हती, परंतु त्या ठणठणाटात मधूनमधून "काका, पाच मिनिटं झाली", "काका, निम्मं झालं" असा आवाज येत राहिला आणि मी पडून राहिलो. माझा विश्वास पहिल्या वेळी नव्हता आणि दुसऱ्या वेळी आला, असे म्हणणे खोटे ठरेल.

शास्त्रातली भ्यालेली माणसे पाहिली तर हेच दिसते. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलीच्या एका निरोपाने जीव घेऊन पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवून त्याला उठवले, तो जेवला आणि पुन्हा झोपला, तेव्हा परत उठवून पुन्हा खायला घातले. 'तू येथे काय करीत आहेस' हा प्रश्न देवाने त्याला विचारला खरा, पण तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. आपण मंडळीत अनेकदा भाकरीच्या आधी प्रश्न विचारतो. गेथशेमाने बागेत तर प्रभू येशूने आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे तिघा शिष्यांना उघड सांगितले, जागे राहून सोबत करण्याची विनवणी केली आणि तीच प्रार्थना तीन वेळा केली. लूकाच्या शुभवर्तमानात त्या घामाचे वर्णन रक्ताच्या थेंबांसारखे असे आहे. घाम फुटणे हे अविश्वासाचे लक्षण असेल, तर तो आरोप कोणावर जाईल याचा विचार व्हावा.

प्रार्थनेविषयी एक सूचना मात्र करतो. भीतीची लाट आली की वचन म्हणायचे आणि लगेच भीती गेली का ते तपासायचे, अशी सवय अनेकांना लागते. ती गेली नाही, की 'देव माझे ऐकत नाही' ही दुसरी भीती पहिलीच्या खांद्यावर बसते. छप्पन्नाव्या स्तोत्रात, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन, अशा अर्थाची ओळ आहे. भीती गेल्यावर नव्हे, ती वाटत असताना. अशी लाट साधारणपणे दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागते, कारण शरीर तेवढ्या वेगाने फार काळ धावू शकत नाही. त्या अवधीत ती ओळ सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर म्हणा, आणि परिणाम मोजू नका. ('भिऊ नका' हे शब्द शास्त्रात बरोबर ३६५ वेळा, म्हणजे रोज एकदा, आले आहेत असा संदेश सकाळी सकाळी मोबाइलवर फिरत असतो. मोजायला बसले तर तो आकडा जमत नाही. देवाचे अभिवचन खरे ठरायला दिनदर्शिकेची गरज नाही.)

राहिली लोकल. टाळलेली गोष्ट मनात अधिकाधिक धोकादायक होत जाते, म्हणून ती कायमची टाळू नका, पण एकदम गर्दीच्या वेळी पुलावरही जाऊ नका. तज्ज्ञांच्या सल्ल्याने पायऱ्या ठरवा. दुपारच्या रिकाम्या गाडीने आधी नेरुळहून जुईनगरपर्यंत, मग सानपाडा, मग वाशी. इथवर खाडी लागत नाही. भीती ओसरेपर्यंत डब्यात बसून राहायचे, मध्येच उतरायचे नाही. एकेक टप्पा अंगवळणी पडला, की वाशी ते मानखुर्द हा पुलाचा टप्पा करा आणि तेव्हा कोणाला तरी बरोबर घ्या. मी तर सुचवेन, की त्या ज्येष्ठ भगिनीलाच विचारा. त्या नाही म्हणाल्या तर आपल्या पाळकांना. रात्री-अपरात्री फारच असह्य झाले तर १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा चोवीस तास असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : माझा एकुलता एक मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. जहाज लांबच्या समुद्रात गेले, की आठ-आठ दिवस फोन येत नाही. मी खारघरला एकटीच असते आणि रात्री दोन-दोनला उठून त्याचे 'लास्ट सीन' पाहत बसते. कशाचीही चिंता करू नका, हे फिलिप्पैकरांस पत्रातले वचन मला पाठ आहे, पण आईने काळजी करायची नाही तर कोणी करायची?

उत्तर : भगिनी, आपल्या प्रश्नातच मराठीने अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. आपण 'काळजी करतो' आणि 'काळजी घेतो', शब्द तोच असतो. मूळ ग्रीक भाषेतही तसेच आहे. 'चिंता करू नका' असे सांगताना पौलाने जे क्रियापद वापरले, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची प्रशंसा करताना वापरले आहे, की तुमची खरी काळजी वाहील असा त्याच्यासारखा दुसरा माझ्याजवळ कोणी नाही. म्हणजे पौलाने आईपण बंद करायला सांगितलेले नाही. काळजीला पुढे जायला वाट हवी. तीमथ्य फिलिप्पैला जाऊन माणसांची विचारपूस करणार होता. रात्री दोनच्या काळजीला मात्र पडद्यावरच्या त्या वेळेपलीकडे जायला जागा नाही, म्हणून ती आत फिरत राहते. पौलाने तिला एक वाट दाखवली आहे : आभारासह आपली मागणी देवाला कळवा.

एकशे सातव्या स्तोत्रात जहाजांवरून समुद्रात जाणाऱ्यांचा एक पुरा भाग आहे. लाटांनी त्यांच्या जिवाचे पाणी होते, ते झिंगलेल्यांसारखे झोकांड्या खातात आणि देव त्यांना इच्छित बंदराला नेतो. रात्री झोपण्यापूर्वी मुलाचे आणि त्याच्या जहाजावरील, इतर धर्मांच्याही, सोबत्यांचे स्मरण करून तो भाग मोठ्याने वाचा, आणि मग फोन स्वयंपाकघरात ठेवून या. मुलाशी असे ठरवून घ्या, की बंदराला लागताच तो एक शब्द पाठवील आणि न आल्यास ते केवळ नेटवर्क नसल्यामुळे आहे असे आपण धरून चालाल. दोन-तीन आठवडे झोप अशीच उडत राहिली तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा दोष असला तरी धडधड आणि अस्वस्थता वाढते, आणि तो साध्या रक्ततपासणीत कळतो.

प्रश्न : मी ठाण्यात बारावीला आहे. आम्हांला संडे स्कूलमध्ये ठाण्याच्या हुतात्म्यांविषयी सांगितले. ते मरणाला भ्याले नाहीत. मला तर उपासनेत शास्त्रवाचनाला उभे राहिले तरी घाम फुटतो आणि हात थरथरतात. येत्या रविवारी वाचनाची पाळी माझी आहे. मी सरळ नाही म्हणू का?

उत्तर : प्रिय मित्रा, १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या त्या चार फ्रान्सिस्कन संन्यासी बंधूंच्या मनात शेवटच्या घटकेला काय होते हे तुला किंवा मला कसे कळणार? परंतु त्यांचा एक सोबती होता, जॉर्डन नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा संन्यासी. घटना घडली तेव्हा तो ठाण्यात नव्हता, आणि परत येऊन त्याने सोबत्यांची शरीरे पुरली. दोन-तीन वर्षांनी ठाण्याहूनच त्याने आपल्या युरोपातील बंधूंना पत्र लिहिले. त्यात त्याने आपले एकटेपण आणि हालअपेष्टा लपवलेल्या नाहीत, उलट अगदी कळवळून सांगितल्या आहेत. तरी तो काम करीत राहिला. संडे स्कूलमध्ये त्या चौघांची गोष्ट सांगतात, याची सहसा सांगत नाहीत. मला विचारशील तर तुझ्या प्रश्नाला जॉर्डन अधिक जवळचा आहे. आणि पौलासारख्या वक्त्यानेही आपण करिंथ शहरातील मंडळीकडे भीत भीत आणि थरथर कापत आलो होतो, असे त्यांनाच लिहून कळवले आहे.

नाही म्हणू नकोस. शनिवारी संध्याकाळी चर्च उघडे असते तेव्हा जा आणि रिकाम्या बाकांसमोर तो उतारा दोनदा मोठ्याने वाच. पहिले वाक्य पाठ कर, म्हणजे सुरुवातीला डोळ्यांपुढे अक्षरे नाचली तरी अडणार नाही. शास्त्र हातात धरू नकोस, स्टँडवर ठेव आणि ओळीवर बोट ठेवून वाच. थरथर तिथे कोणाला दिसत नाही.